शहराबाहेर राहायला येताय? पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या गावांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नऊ वर्षांपूर्वी आम्ही पेठेतल्या दोन खोल्या सोडून लोणी काळभोर आणि उरुळी कांचनच्या मधल्या पट्ट्यातल्या एका गावात राहायला आलो. तेव्हापासून दर दोन-चार महिन्यांनी रविवारचं कुणीतरी गाडी घेऊन येतं, गच्चीवरून ऊस बघतं, "किती शांत आहे हो!" म्हणतं, आणि चहा संपायच्या आत प्रश्न सुरू होतात. प्रश्न ठरलेले असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय.

एक आधीच सांगते. हे सगळं पुण्याच्या पूर्वेकडचं, म्हणजे पाण्याच्या हिशोबाने खालच्या अंगाचं आहे. मुळशी, पानशेतकडे धरणं उशाशी आहेत. आमच्याकडे पुणं पिऊन उरलेलं पाणी येतं. बऱ्याच उत्तरांच्या मुळाशी एवढी एकच गोष्ट आहे.

हे नक्की गाव आहे की शहर?

कागदावर गाव. सरपंच आहे, ग्रामपंचायत आहे, घरपट्टी-पाणीपट्टी तिथेच भरायची. बांधकामाची परवानगी मात्र पीएमआरडीएकडून, म्हणजे २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून घ्यायची. त्यामुळे "हे काम कुणाकडे?" हा प्रश्न दोन कार्यालयांत विचारावा लागतो आणि दोन्हीकडे दुसऱ्याचं नाव सांगतात.

प्रत्यक्षात काय दिसतं सांगते. पहाटे साडेपाचला आमच्या फाट्यावर दोन गाड्या थांबलेल्या असतात. एक छोटा टेम्पो, शेवंती तोडायला निघालेल्या बायकांचा. डोक्याला रुमाल, कमरेला ओटी बांधलेली. दुसरी मगरपट्ट्याला जाणारी कंपनीची कॅब. दोन्हींतली माणसं एकाच टपरीवर चहा पितात. टपरीच्या मागे गोदाम, गोदामाला लागून कांद्याचं वावर, त्याच्या पलीकडे "एनए प्लॉट, हप्त्याने" असा फ्लेक्स (एनए म्हणजे बिगरशेती).

एक-दोन गुंठ्यांचा प्लॉट स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यांत जास्त लोक फसतात तेही इथेच. म्हणून जरा सविस्तर.

गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. फ्लेक्सवर दर गुंठ्याचा असतो आणि शहरातल्या फ्लॅटच्या मानाने तो फार गोड वाटतो. स्वस्त का आहे, ते सातबारा वाचल्यावर कळतं. बहुतेक वेळा ती शेतजमीन असते. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय घेता येत नाही, कुळकायद्याचं कलम ६३ आड येतं. शिवाय १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. २०२३ मध्ये जिरायतीला वीस आणि बागायतीला दहा गुंठे अशी किमान मर्यादा ठरवली गेली. अलीकडे या कायद्यात शिथिलता आणण्याच्या हालचाली झाल्या, तेव्हा आज नेमकं काय लागू आहे ते तलाठी आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन विचारा. एजंट सांगेल ते त्याच्या सोयीचं असतं.

मर्यादा चुकवायची युक्ती सगळ्या पट्ट्यात एकच. दहा-अकरा गुंठ्यांचं एकत्र खरेदीखत करायचं आणि सातबाऱ्यावर दहा जणांची सामाईक नावं चढवायची. जागेवर चुन्याने रेघा मारून प्रत्येकाला "हा तुमचा" म्हणून दाखवतात. ती रेघ पहिल्या पावसात जाते. कागदावर कुणाचा तुकडा कुठला, हे कुठेच लिहिलेलं नसतं. कर्ज काढायला गेलात की बँक हात वर करते, आणि विकायचं ठरवलंत की बाकीच्या नऊ जणांना शोधत फिरावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे नुसत्या नोटरीवर झालेला व्यवहार. शंभर-पाचशेच्या स्टँपवर लिहून नोटरीचा शिक्का मारला की मालकी मिळत नाही, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ.

"पण ग्रामपंचायतीचा आठ नंबर मिळतोय ना?" हे ठरलेलं पुढचं वाक्य. आठ नंबरचा उतारा म्हणजे घराच्या कर आकारणीची नोंद. घरपट्टी भरता म्हणून जमीन तुमची होत नाही.

बघायचं ते असं. सातबारा, त्यातले मागचे फेरफार (म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी), इतर हक्कांच्या रकान्यात कुणाचा बोजा आहे का, कुण्या बहिणीचं नाव राहून गेलंय का. एनए म्हणत असतील तर आदेशाची प्रत आणि मंजूर रेखांकन मागा. जागा ५०० चौरस मीटरच्या वर असेल आणि प्लॉट आठाहून जास्त असतील, तर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते, प्लॉटिंगलासुद्धा. आणि रस्ता! नकाशावर रस्ता आहे का, की कुणाच्या बांधावरून "वहिवाट आहे हो, कोण अडवतंय" असं आहे? अडवतात. आमच्या मागच्या प्लॉटिंगमध्ये दिवाळीच्या आदल्या दिवशी बांधावर काटेरी फांद्या येऊन पडल्या. बांधावरून रस्ता मागायला तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली अर्ज करता येतो, पण तारखा पडत राहतात आणि तोवर सिलिंडर डोक्यावरून न्यावा लागतो.

आम्ही स्वतः गावठाणाला लागून जुनं बांधलेलं घर घेतलं. महाग पडलं, पण झोप लागते.

पाणी पुरतं का?

घरासाठी तीन ठिकाणांहून येतं. ग्रामपंचायतीचा नळ एक दिवसाआड, आला तर. आमचा बोअर. आणि टँकर.

बोअरबद्दल लोकांचा एक समज असतो: खोल गेलं की पाणी लागतं. आपला हा सगळा काळा पाषाण. पाणी वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत साठतं. फट लागली तर दीडशे फुटांवर लागते, नाही तर पाचशेला धूळच उडते. आमचा तीनशे फुटांचा आहे आणि तो किती देणार हे पावसावर जेवढं ठरतं, तेवढंच कालव्यावर. खडकवासल्याहून निघणारा नवा मुठा उजवा कालवा पुणं ओलांडून या पट्ट्यातून पुढे दौंड, इंदापूरकडे जातो. कालव्याला आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाण्याची पाळी, सुटलं की चार-पाच दिवसांत आसपासच्या विहिरींना पाणी चढतं आणि आमच्या बोअरचा आवाज बदलतो. मोटर आधी घरघरते, मग भरल्या आवाजात चालते. नवऱ्याला तो आवाज अंथरुणातून ओळखू येतो.

आवर्तन कधी सुटणार हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. धरणं चार, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, आणि त्यांवर पहिला हक्क पुण्याच्या पिण्याच्या पाण्याचा. पाऊस कमी झाला की पुण्यात दिवसाआड पाणी येणार का यावर बातम्या येतात. इकडे लोक उन्हाळी आवर्तन एक मिळणार की दोन याची वाट बघतात. पेठेत असताना मी पहिली बातमी वाचायची. दुसरी असते हेच माहीत नव्हतं. (२०१८ च्या सप्टेंबरात दांडेकर पुलाजवळ फुटला, तो हाच कालवा.)

नदीकाठचं घर बघत असाल तर थांबा. मुळा-मुठा आमच्यापर्यंत येते तेव्हा तिच्यात शहराचं सांडपाणी असतं. उन्हाळ्यात थेऊर-कोलवडीकडे जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, लांबून मैदान वाटावं असा, आणि दिवेलागणीला डास असे येतात की दारं-खिडक्या बंद. काठाजवळच्या बोअरचं पाणी तपासल्याशिवाय तोंडात घालू नका. आमचंही जड आहे. गिझरची कॉइल दोन वर्षांत पांढरी होते, डाळ शिजत नाही, म्हणून स्वयंपाकाला आरओचं.

टँकर दहा हजार लिटरचा. एप्रिल-मेमध्ये दर चढतो आणि वेळ टँकरवाला ठरवतो. त्याच्याशी गोड बोला. खाली टाकी बांधणार असाल तर टँकरची पूर्ण दहा हजार मावेल एवढी बांधा. आम्ही सात हजारांची बांधली, आणि उरलेलं तीन हजार लिटर दर वेळी शेजारच्या आबांच्या हौदात सोडतो. आबा खूश आहेत.

वीज किती वेळ जाते?

गावठाणात पूर्वीपेक्षा खूपच कमी. पण तुम्ही मळ्यात, वस्तीवर घर बांधणार असाल तर आधी विचारा की लाइन गावठाणच्या फीडरवरची आहे की शेतीपंपांच्या. शेतीच्या फीडरला थ्री फेज पाळीने मिळतो, एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री. बाकी वेळ सिंगल फेजवर बल्ब-पंखा चालतो, तोही मिणमिणता. म्हणून तर रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन कुणीतरी बांधावरून चालताना दिसतं. तो चोर नाही, उसाला पाणी द्यायला निघालेला माणूस आहे.

वळवाच्या पहिल्या पावसात तार तुटणारच. १९१२ वर तक्रार करा, पण वायरमनचा नंबरही जवळ ठेवा. आमचा वायरमन एकटा पाच गावं सांभाळतो. त्याला फोन केला की तो आधी विचारतो, "डीपीवर आवाज झाला का?" डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर; तेवढं ऐकून ठेवत चला. इन्व्हर्टर घ्याच.

रोज पुण्याला जाऊन-येऊन जमतं का?

जमतं, पण अंतर किलोमीटरात मोजू नका. सोलापूर रस्त्याने हडपसरपर्यंत पंचवीस मिनिटांतही जाता येतं आणि दीड तासही लागतो. शेवाळवाडीपासून पुढे काय होईल सांगता येत नाही.

रेल्वेचा विचार फार कमी लोक करतात, याचं मला आश्चर्य वाटतं. पुणे-दौंड मार्गावर हडपसर, मांजरी बुद्रुक, लोणी, उरुळी, यवत अशी स्टेशनं आहेत. गाडी वेळेवर असली तर उरुळीहून पाऊण तासात पुणे स्टेशन. गाड्या मोजक्या, वेळा गैरसोयीच्या, एक्स्प्रेसला वाट द्यायला थांबून राहणं नेहमीचं. तरी माझा नवरा सात वर्षं पास काढतोय आणि त्याच्या डब्यातला भजनाचा ग्रुप त्याला सोडवत नाही. पीएमपीची बस आहे, फाट्यापर्यंत. फाट्यापासून घर दोन किलोमीटर, तेव्हा दुचाकी लागतेच.

रात्री गाडी चालवणार असाल तर ऊसतोडीच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांपासून जपा. दोन ट्रॉल्या एकामागे एक, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला, आणि उसाची वाढं बाहेर लोंबणारी. समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपले की ट्रॉली दिसते ती अगदी दहा फुटांवर.

शांतता असते ना?

दुपारी असते.

बाकी मोटर, ट्रॅक्टर, पहाटेचा भोंगा. कार्तिकात काकडआरती पाच वाजता स्पीकरवरून सुरू होते. सप्ताह बसला की सात दिवस कीर्तन. यात्रेला रात्रभर कार्यक्रम आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा. लग्नसराईत डीजे, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. पहिल्या वर्षी आम्ही कुरकुरलो. दुसऱ्या वर्षी सासूबाई गावातल्या बायकांबरोबर काकड्याला जायला लागल्या, आणि मग कुरकुरायची सोय राहिली नाही.

आवाजापेक्षा वासाची तयारी ठेवा. जवळ पोल्ट्री असेल तर पावसाळ्यात माश्या, आणि शेतात कोंबडीखत पडलं की आठ दिवस खिडकी उघडायची नाही. ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवतात. संध्याकाळी वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळे तुरे येऊन बसतात. ते झटकायचे नाहीत, फुंकायचे. झटकले की डाग पडतो.

बिबट्या येतो का? साप?

बिबट्या आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूरइतका सुळसुळाट आमच्याकडे नाही, पण उसाचा पट्टा सलग आहे आणि बिबट्याची मादी पिलं उसातच घालते. कुत्रं, शेळी नाहीशी झाली की गावाच्या ग्रुपवर रात्रभर मेसेज. संध्याकाळनंतर लहान मुलांना उसाच्या कडेला पाठवत नाही, चालताना मोबाइलवर गाणी लावतो, आणि उघड्यावर शौचाला किंवा पाणी धरायला वाकून बसणं टाळायला सांगतात. दिसला तर पाठलाग करून व्हिडिओ काढू नका. वनविभागाचा नंबर १९२६.

साप तर घरातलेच म्हणायचे. बहुतेक वेळा धामण असते, उंदरांच्या मागे येते, तिला जाऊ द्या. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसं, हे चार ओळखायला शिका. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावा नीट दिसतही नाही. त्यामुळे आमच्याकडे पावसाळ्यात खाली अंथरूण घालायचं नाही आणि बूट आपटल्याशिवाय पाय घालायचा नाही. चावलाच तर १०८ ला फोन, हात-पाय हलवू न देता सरळ सरकारी दवाखान्यात. देवाला नेण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. हे गावातली जुनी माणसंही आता सांगतात.

दवाखाना आणि शाळा?

प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, ताप-खोकला-लसीकरणाला चांगलं. मोठी रुग्णालयं हमरस्त्यावर झाली आहेत. घरात हृदयाचा रुग्ण असेल तर फाट्यापासूनचा आतला रस्ता पावसाळ्यात एकदा रात्री गाडीने जाऊन बघा, मग ठरवा.

शाळेचं म्हणाल तर पिवळ्या बस येतात, इंग्रजी माध्यमाच्या. आमची मुलगी चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. बाई उत्तम होत्या. नातेवाइकांना अजून पटलेलं नाही.

चोऱ्या होतात का?

मोटरची केबल, शेळ्या, डीपीतलं तेल आणि तांब्याची तार. घरफोडी क्वचित, तीही बंद घरांत. शनिवार-रविवारपुरतं येणाऱ्यांची बंगली चोरांच्या आधी गावाला माहीत असते. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री आकाशात ड्रोन फिरतात म्हणून पुणे जिल्ह्यात गावोगाव लोक काठ्या घेऊन जागले, त्यात आम्हीही. हाती काही लागलं नाही. पण आमच्या आळीत कुणाच्या घरी किती माणसं आहेत, कुणाला रात्री दिसत नाही, कुणाचा मुलगा परगावी आहे, हे मला त्या आठ रात्रींत कळलं.

गावातली लोकं स्वीकारतात का?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दुसरा असतो, की आपल्याला त्यांच्याशी संबंध ठेवावा लागेल का. ठेवावा लागेल. नळाला पाणी सोडणारा, वायरमन, टँकरवाला, सर्पमित्र, कचऱ्याची घंटागाडी चालवणारा, सगळ्यांची नावं माहीत हवीत, आणि त्यांच्या घरच्या लग्नाला जायला हवं. अहेर नको असला तरी हजेरी लागते.

सुरुवातीला माझी चूक झाली. शेजारच्या वहिनींनी पाटीभर मेथी दिली, मी पैसे विचारले. त्यांचा चेहरा पडला. "इकायला आन्ली व्हय?" एवढंच म्हणाल्या आणि महिनाभर आल्या नाहीत. मग मी पुण्याहून आणलेली बाकरवडी घेऊन त्यांच्याकडे गेले आणि ओट्यावर तासभर बसले. आता हिशोब असा की त्यांच्याकडून कांदे, कणसं, चिकाचं दूध येतं. माझ्याकडून अर्ज लिहून जातात: पीकविम्याचे, दाखल्यांचे, एकदा तर सोयरिकीचा बायोडेटा.

राजकारणापासून लांब राहायचं ठरवून आला असाल तर ग्रामपंचायत निवडणुकीत दोन्ही पॅनेलचा चहा प्या. ग्रामसभेला मात्र जा; २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास भरते. गटाराचा ठराव तिथेच होतो आणि कोरम भरत नाही म्हणून तुमचं स्वागतच होतं.

गाव महापालिकेत गेलं तर भाव वाढेल ना?

भाव वाढेल. घरपट्टीही वाढेल. ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा आणि जून २०२१ मध्ये तेवीस गावं पुणे महापालिकेत गेली. रस्ता आणि पाणी येण्याआधी कराचं बिल आलं, ही तिकडच्या ओळखीच्या लोकांची कायमची तक्रार. फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर आत जाऊन पुन्हा बाहेर पडली. त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. याच दोन गावांच्या माथ्यावर वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा पडला. माझ्या पेठेतल्या घरचाही असणार. तेव्हा खालून कचरा-गाडीची घंटा वाजायची, मी बादली देऊन वर यायची, विषय संपायचा.

पत्ता काय सांगायचा? पार्सल येतं का?

येतं. गुगलच्या खुणेवर भरवसा ठेवू नका, ती आम्हाला विहिरीत दाखवते. "पाण्याच्या टाकीवरून आत, म्हसोबापाशी डावीकडे, चिंचेजवळ" असं सांगतो. चिंच रस्ता रुंद करताना गेली, तरी सगळे अजून चिंचच म्हणतात. नवीन पोऱ्या असेल तर फोन करतो, "ताई, चिंच दिसंना." जुने पार्सलवाले किराणा दुकानात ठेवून जातात.

पालखीच्या दिवशी रस्ता बंद असतो म्हणे?

असतो. तुकोबांची पालखी पुण्यातून निघून लोणी काळभोरला मुक्काम करते, दुसऱ्या दिवशी यवतला जाते. ते दोन दिवस ऑफिसात सांगून टाका, निघून उपयोग नाही. आम्ही फाट्यावर चहा करतो. गावातली चार घरं मिळून, मोठं पातेलं मंडपवाल्याचं. साखर आणि चहापत्ती चार दिवस आधी आणून ठेवा, ऐन वेळी उरुळीपर्यंत कुठल्याच दुकानात मिळत नाही. आणि मोबाइल चार्ज करायला दाराबाहेर एक एक्स्टेंशन बोर्ड काढून ठेवा. वारकऱ्यांना हल्ली चहाच्या आधी तो लागतो.